स्पॅनिश ऑपेरा ऐकायचाय? मग लेतिस्याहून सुटणारी बोट धरा

मी ऐकायला घेतलेला पहिला 'आधुनिक ऑपेरा' वीस मिनिटांत बंद केला होता. नाव सांगत नाही, दोष कदाचित माझ्या कानांचाच असेल. चाल कुठे सुरू होते, कुठे संपते याचा पत्ता लागेना. बाई गातेय की भांडतेय, तेही कळेना. पुढे बऱ्याच दिवसांनी एका मित्राने 'फ्लोरेन्सिया एन एल आमासोनास' लावून दिला आणि मी सावरून बसलो. कारण अगदी साधं होतं. ही माणसं चक्क गात होती. लांबच लांब, भरल्या नदीसारख्या चाली, आणि तरीही जुन्या काळातलं काही ऐकतोय असं वाटत नव्हतं.

स्पॅनिश येत नाही, पाश्चात्त्य संगीताशी फारशी ओळख नाही, पण शेजारच्या घरात नाट्यपद लागलं की हातातलं काम थांबतं, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. बेत छोटा आहे. एक ऑपेरा निवडायचा, तो नीट मुरू द्यायचा आणि मगच पुढच्या दोन-चारांकडे वळायचं.

पहिली पायरी : दहा नको, एकच निवडा

तो एक म्हणजे 'फ्लोरेन्सिया'च. संगीतकार दान्येल कातान. जन्म १९४९, मेक्सिको सिटी. इंग्लंडमध्ये आधी तत्त्वज्ञान शिकले, मग संगीत, आणि पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला मिल्टन बॅबिट यांच्याकडे डॉक्टरेट केली. बॅबिट म्हणजे बारा सुरांच्या काटेकोर, गणिती रचनेचं मोठं नाव. त्यांचं संगीत ऐकून कुणी गुणगुणत घरी जाईल अशी अपेक्षा नसते. अशा गुरूच्या हाताखालून निघालेल्या कातान यांनी मात्र चालीची, कंठाची, गळ्यातून सहज वाहणाऱ्या ओळीची वाट धरली. मला या माणसात पहिला रस वाटला तो यामुळे. त्यांना अवघड लिहिता येत नव्हतं असं नाही. अवघड लिहिण्याचं सगळं शिक्षण घेऊन झाल्यावर त्यांनी गाणं निवडलं.

'फ्लोरेन्सिया'चा पहिला प्रयोग २५ ऑक्टोबर १९९६ रोजी ह्यूस्टनला झाला. अमेरिकेतल्या मोठ्या ऑपेरा संस्थांनी स्पॅनिश भाषेतला ऑपेरा मुद्दाम लिहून घेतला, असं तोवर घडलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनला, म्हणजे ज्याला सगळे नुसतं 'मेट' म्हणतात तिथे, तो पोहोचायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. त्याआधी मेटमध्ये स्पॅनिश ऑपेरा झाले होते ते दोनच: १९१६ साली ग्रानादोस यांचा 'गोयेस्कास' आणि १९२६ साली फाया यांचा 'ला विदा ब्रेवे'. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं काहीच नाही. ऑपेराची भाषा म्हणजे इटालियन, जर्मन, फ्रेंच, फार तर रशियन, हा समज किती घट्ट बसला होता ते यावरून दिसतं. कातान मात्र २०११ मध्येच, वयाच्या ६२व्या वर्षी गेले. मेटचा प्रयोग त्यांनी पाहिला नाही.

दुसरी पायरी : गोष्ट आधी वाचा, शेवटासकट

सिनेमाची सवय इथे आड येते. 'शेवट सांगू नकोस हं' असं म्हणून ऑपेराला बसलात तर अर्धा वेळ गोष्ट समजून घेण्यात जाईल आणि गाणं निसटेल. 'सौभद्र'ला जाणाऱ्या प्रेक्षकाला सुभद्रा शेवटी कुणाची होणार हे काय ठाऊक नव्हतं? तो त्या पदासाठी जात होता, आणि पद कसं लागतंय हे बघायला पुन्हा पुन्हा जात होता. इथेही तसंच बसायचं.

तर गोष्ट अशी. विसाव्या शतकाची सुरुवात. कोलंबियातल्या लेतिस्या या नदीकाठच्या गावाहून 'एल दोरादो' नावाची आगबोट ॲमेझॉनच्या प्रवाहाबरोबर ब्राझीलमधल्या मनाउसकडे निघते. मनाउसला रबराच्या पैशातून ऐन जंगलात उभं राहिलेलं खरंखुरं ऑपेरागृह आहे, १८९६ मध्ये बांधून झालेलं, आजही उभं. तिथे फ्लोरेन्सिया ग्रिमाल्दी ही जगप्रसिद्ध गायिका गाणार आहे आणि तिला ऐकायला प्रवासी बोटीत चढले आहेत. फ्लोरेन्सिया त्याच बोटीत आहे, पण नाव लपवून. ती गाण्यासाठी निघालीच नाहीये. तिला शोधायचाय क्रिस्तोबाल, बऱ्याच वर्षांपूर्वी मागे सोडलेला प्रियकर. फुलपाखरं धरणारा माणूस, एका दुर्मिळ पाचूच्या रंगाच्या फुलपाखराच्या मागे जंगलात गेला तो गेलाच.

बोटीवर आणखी कोण आहेत? रोसाल्बा ही तरुण पत्रकार. ती फ्लोरेन्सियाचं चरित्र लिहितेय आणि जिच्यावर लिहितेय ती शेजारी बसलीय याचा तिला पत्ता नाही. कप्तानाचा भाचा आर्काद्यो, ज्याला या बोटीचा आणि या आयुष्याचा कंटाळा आलाय. पाउला आणि आल्वारो हे जोडपं, लग्नाला बरीच वर्षं झालेलं, विझलेलं काही पेटतं का हे बघायला निघालेलं आणि वाटेत जेवणावरूनसुद्धा भांडणारं. आणि रिओलोबो. हा कधी बोटीवरचा साधा गडी असतो, कधी सूत्रधार, आणि वादळात थेट नदीच्या देवांशी बोलणारा कुणीतरी. नावच बघा: रिओ म्हणजे नदी, लोबो म्हणजे लांडगा.

वादळ येतं, आल्वारो पाण्यात पडतो, बोट गाळात रुतते. हा पहिला अंक. दुसऱ्या अंकात पाउलाला कळतं की दोघांच्या मध्ये प्रेमाचा अभाव नव्हता, अहंकार होता. रिओलोबो आल्वारोला परत आणून देतो. रोसाल्बाची दोन वर्षांची टिपणवही भिजून जाते आणि त्या वादावादीतच फ्लोरेन्सिया कोण ते तिला उमगतं. मनाउस जवळ येतं, आणि पाण्यावरून कॉलऱ्याने मेलेल्यांच्या शवपेट्या वाहत येतात. गावात साथ आहे, कुणालाही उतरता येणार नाही. एवढा प्रवास करून कुणीच पोहोचत नाही. फ्लोरेन्सिया डेकवर एकटी उभी राहून क्रिस्तोबालला हाक मारते आणि गाता गाता फुलपाखरू होते. मरते का? ते तुम्ही ठरवायचं, संगीत ठरवत नाही.

कथा वाचून कोलंबियाचे कादंबरीकार गार्सिया मार्केस आठवले असतील तर बरोबरच आहे. ऑपेराची संहिता लिहिणाऱ्या मार्सेला फुएन्तेस-बेराइन या त्यांच्या शिष्या. पण हे त्यांच्या कुठल्याही एका कादंबरीचं रूपांतर नाही, हेही लक्षात असू द्या, 'कोणत्या पुस्तकावरून?' असं शोधत बसू नका.

तिसरी पायरी : अर्धा तास फक्त भाषेला

इथे मराठी माणसाला वरदान आहे. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. इंग्रजीसारखी लपवाछपवी नाही. लिहिलं तसं वाचायचं. काही खाचाखोचा तेवढ्या ध्यानात घ्या. लिहिलेला 'ह' उच्चारत नाहीत. व आणि ब यांत फरक करत नाहीत, म्हणून 'विदा' असं लिहिलेलं ऐकताना 'बिदा'सारखं येतं. शब्दाच्या सुरुवातीचा र चांगला घोळवलेला असतो. स्पेनमध्ये जिथे जीभ दातांत धरून 'थ' म्हणतात तिथे लॅटिन अमेरिकेत साधा 'स' असतो, म्हणून हृदय हे 'कोरासोन'.

मग हे दहा शब्द: रिओ (नदी), आग्वा (पाणी), सेल्बा (जंगल), बार्को (बोट), मारिपोसा (फुलपाखरू), बोस (आवाज), आमोर (प्रेम), मुएर्ते (मृत्यू), सुएन्यो (स्वप्न), एस्कूचामे (माझं ऐक). मोठ्याने, न लाजता म्हणा. पुढे ऑपेरा ऐकताना यातला एखादा शब्द गर्दीतून ओळखीच्या माणसासारखा हात करेल, आणि त्या क्षणी भाषा परकी राहत नाही.

आणखी एक गंमत. स्पॅनिशमध्ये एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला की दोघं एकमेकांत मिसळतात. 'मी आल्मा' म्हणजे माझा आत्मा. गाताना ते 'म्याल्मा' होतं. शब्दांच्या सीमा पुसल्या जातात, आवाजाला थांबावं लागत नाही. मराठी बोलताना आपण शेवटचा अ गिळतो, 'मन' म्हणताना न वरच थांबतो. पदात मात्र तोच अ परत आणून त्यावर सूर लांबवतो. स्पॅनिश गायकाला ही कसरत करावी लागत नाही. शब्द मुळातच बहुधा स्वरावर उघडे राहतात. कातान यांच्या चाली इतक्या लांब पसरू शकतात याचं अर्धं श्रेय मी या भाषेला देतो.

चौथी पायरी : तुकड्या-तुकड्याने ऐका, शेवट राखून ठेवा

अख्खा ऑपेरा दोन तासांच्या आतबाहेर आहे, इतरांच्या मानाने लहान. तरीही पहिल्या दिवशी सगळा ऐकू नका. ह्यूस्टनच्या मंडळींचं ध्वनिमुद्रण अल्बनी रेकॉर्ड्सने काढलेलं आहे, पॅट्रिक समर्स यांच्या संचालनाखाली. पॅट्रिशिया शुमन फ्लोरेन्सिया गातात. इयरफोन लावा. लोकलच्या गर्दीत मात्र नको; मी करून बघितलंय, घाटकोपरला नदी आटली.

पहिल्यांदा ऐका सुरुवात, लेतिस्याच्या धक्क्यावरची गडबड. गायकांकडे दुर्लक्ष करा आणि वाद्यवृंदाकडे कान द्या. लाकडी सुषिर वाद्यं, हार्प आणि मरिंबा (लाकडी पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) मिळून पाणी हलतं ठेवतात. हे पाणी पुढे दोन तास थांबणार नाही, फक्त रंग बदलेल.

मग पहिल्या अंकातली फ्लोरेन्सियाची आरिया, जिथे ती एकटी असताना क्रिस्तोबालला आठवते. आरिया म्हणजे ढोबळमानाने पदच, एका पात्राचं मन उलगडणारं. पण आपल्या कानाची एक सवय इथे सोडावी लागते. आपण मुखड्याची आणि समेची वाट पाहतो. इथे मुखडा परतून येत नाही आणि सम नाही. मग पकडायचं काय? मी श्वास पकडतो. ओळ कुठे श्वास घेते, पुढची ओळ मागचीपेक्षा वर चढते का, आणि सगळ्यात उंच सूर कोणत्या शब्दावर येतो, एवढंच बघायचं.

दुसरी सवय जास्त खोल आहे. आपला षड्ज हलत नाही. तानपुरा जमीन देतो आणि गायक त्यावर चालतो. इथे गायिका एक सूर लांब धरते आणि तिच्याखाली वाद्यवृंद जमीनच सरकवतो. सूर तोच, पण आधी आशा वाटली तिथे आता हुरहुर. नवख्या मराठी कानाला पाश्चात्त्य संगीत 'सपाट' वाटतं ते बहुतेक वेळा यामुळेच: आपण वरच्या चालीत मुरक्या शोधत असतो, आणि खरी हालचाल खाली चालू असते. एखादा लांब सूर निवडा, तोच तुकडा चार वेळा लावा आणि दर वेळी खालचंच ऐका. चौथ्या वेळी काहीतरी उघडतं.

तिसऱ्या दिवशी पत्त्यांचा डाव. पाउला, आल्वारो, रोसाल्बा आणि आर्काद्यो खेळायला बसतात. चौघं एकाच वेळी गातात, आणि पत्त्यांच्या आडून एक जोडी जमू लागते, दुसरी टोमणे मारत बसते. चार माणसं एकदम बोलली तर गोंधळ, चार माणसं एकदम गायली तर चौघांचंही कळतं, ही ऑपेराची खासियत इथे हसत-खेळत दिसते. आपल्या संगीत नाटकात हे नव्हतं. तिथे एक गातो आणि बाकीचे बघत उभे राहतात.

शेवटची आरिया, 'एस्कूचामे'ने सुरू होणारी, इंटरनेटवर सगळे आधी तीच पाठवतात. नका ऐकू. ती दोन तासांच्या पाण्यावर तरंगते; सुटी ऐकली तर नुसती छान वाटेल.

पाचवी पायरी : बघणं

मेटचा प्रयोग ९ डिसेंबर २०२३ रोजी जगभरच्या चित्रपटगृहांत थेट दाखवला गेला आणि तो आता मेटच्या स्वतःच्या वर्गणीवाल्या संकेतस्थळावर पाहता येतो, इंग्रजी उपशीर्षकांसह. आयलीन पेरेस फ्लोरेन्सिया, यानिक नेझे-सेगाँ वाद्यवृंदाचे संचालक, दिग्दर्शन मेरी झिमरमन यांचं. नदीतले प्राणी नर्तक आणि बाहुल्या होऊन रंगमंचावर वावरतात. काहींना ते फार गोजिरवाणं वाटलं. मला दुसऱ्या अंकात ते जरा कमी चाललं असतं. गाब्रिएला रेयेस यांची रोसाल्बा मात्र चुकवू नका. मुंबईकरांनी नरीमन पॉइंटच्या एनसीपीएच्या कार्यक्रमावर लक्ष ठेवावं. मेटच्या ऑपेरांचे पडद्यावरचे खेळ तिथे होत आले आहेत.

एका दिवशी एकच अंक. पहिल्यांदा उपशीर्षकं वाचत. काही दिवसांनी त्यांवर कागद चिकटवून.

आता एक तक्रार, कारण ती तुम्हालाही जाणवेल. या ऑपेरात घडतं फार थोडं. पहिला अंक गोड आहे, कधीकधी साखर जरा जास्त. इटालियन ऑपेरा लिहिणाऱ्या पुच्चिनीची आठवण येते अशी टीका कातान यांच्यावर कायम झाली आणि ती अगदीच खोटी नाही. ॲमेझॉनचं खोरं ज्यांचं घर आहे ती माणसं या बोटीवर प्रवासी म्हणून नाहीत, हेही खटकतं. तरी पाउला नवऱ्यासाठी रडते ती आरिया ऐकताना ही सगळी टिपणं माझ्या हातातून गळून पडतात.

सहावी पायरी : परदेशात असाल तर थेट थिएटरात

ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो या बाजूला राहणाऱ्यांनी स्थानिक ऑपेराचं वार्षिक पत्रक बघत जावं. स्पॅनिश ऑपेरा तिथे अधूनमधून होतात. तिकीट महाग असतं हे खरं, पण सगळ्यात वरच्या मजल्याचं स्वस्त मिळतं आणि तिथे आवाज बहुधा सुंदर पोहोचतो. कपड्यांची काळजी नको, स्वेटर मात्र घ्या. गायकांपुढे माइक नसतो, हे पहिल्यांदा गेलात की तुम्हाला पंधरा मिनिटांनी एकदम उमगेल आणि अंगावर काटा येईल. मेटमध्ये भाषांतर पुढच्या खुर्चीच्या पाठीवर छोट्या पट्टीवर दिसतं. टाळ्या: आरिया संपून संगीत थांबलं तरच. कातान यांचं संगीत बरेचदा थांबत नाही, म्हणून इतरांची वाट बघा. दाद म्हणून मध्येच 'क्या बात है' निघू देऊ नका, शेजारचा दचकतो. 'वन्स मोअर' तर विसराच.

यानंतर काय

कातान यांचाच 'इल पोस्तिनो', लॉस एंजेलिस, २०१०. त्यातली चिलीचे कवी पाब्लो नेरुदा यांची भूमिका गायक प्लासिदो दोमिंगो यांच्यासाठी लिहिलेली. ही सोपी पायरी.

त्यांचा आधीचा 'ला इखा दे राप्पाचिनी' (१९९१) आपल्याला वेगळ्याच कारणाने जवळचा वाटावा. तो ओक्ताव्यो पास यांच्या नाटकावर आहे. हेच पास १९६२ ते १९६८ मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते. गोष्ट विषारी बागेत वाढलेल्या आणि स्वतःच विष झालेल्या मुलीची. मुद्राराक्षसातली विषकन्या आठवल्याशिवाय राहत नाही. संगीत 'फ्लोरेन्सिया'पेक्षा काळोखी आणि जास्त टोकदार. कान तयार झाल्यावरच घ्या.

मग ओस्वाल्दो गोलिहोव यांचा 'आयनादामार'. हा मात्र पूर्ण वेगळा प्राणी. साधारण ऐंशी मिनिटं, अंकांऐवजी तीन 'प्रतिमा', फ्लामेंको या दक्षिण स्पेनच्या गाण्या-नाचाची लय, ध्वनिमुद्रित टापांचे आणि पाण्याचे आवाज. १९३६ मध्ये ग्रानादाजवळ ज्या झऱ्याच्या परिसरात कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांना गोळ्या घातल्या, त्या झऱ्याचं हे अरबी नाव: अश्रूंचा झरा. लोर्कांची नायिका साकारणारी नटी मार्गारिता शिर्गू म्हातारपणी हे सगळं आठवते आहे. आणि लोर्का गाते एक बाई, खालच्या पट्टीतल्या भरदार आवाजात. बालगंधर्वांच्या मुलखातल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडे पुरुषाने शालू नेसला, इथे बाईने कवीचा सूट घातला. गोळ्यांचा आवाज जिथे हळूहळू ताल होतो तो तुकडा मी दिवसा ऐकतो, रात्री नाही. डॉन अपशॉ यांचं २००६ सालचं ध्वनिमुद्रण घ्या.

शेवटी, नव्यांतला नवा: गाब्रिएला लेना फ्रँक यांचा 'एल उल्तिमो सुएन्यो दे फ्रिदा इ दिएगो', सॅन दिएगो, २०२२. साल १९५७, मृतांचा सण, म्हातारा चित्रकार दिएगो रिवेरा आणि त्याला भेटायला चोवीस तासांपुरती परत आलेली त्याची मृत पत्नी, चित्रकार फ्रिदा. अट एकच, जिवंत माणसाला स्पर्श करायचा नाही. 'सुएन्यो' शब्द दहांत होता, तो इथे नावातच भेटेल.